मणक्याच्या गादीत पू आणि ‘स्क्रू बसवू नका’वाला मेसेज

“गादीच्या ऑपरेशननंतर कंबर परत धरली तर घाबरू नका. ताप नाही म्हणजे पू नाही. पू झालाच तर दहा दिवस अँटिबायोटिक पुरे. दुसरं ऑपरेशन करू नका, स्क्रू तर नकोच, जंतू लोखंडात घर करतात. तालमीत कंबर चोळून घ्या.” गडहिंग्लजपासून शिरोळपर्यंत व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या या मेसेजात एक अर्धसत्य आहे. बाकीचं घातक.

तापाचं आधी. गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. तिच्यातल्या संसर्गात पुष्कळांना ताप येतच नाही. टाके कोरडे असतात, पांढऱ्या पेशीही नॉर्मल निघतात. खूण वेगळीच असते: पायाची कळ थांबून पेशंट खुशीत घरी जातो आणि एक ते चार आठवड्यांत कंबर अशी धरते की कुशीवर वळतानाही ओरडायला होतं. अशा वेळी सीआरपी करा. (सीपीआर नव्हे, तो कोल्हापूरचा सरकारी दवाखाना; ही अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी. कोल्हापुरात हा घोळ व्हायचाच.) ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीआरपी चढतो आणि दोनेक आठवड्यांत उतरतो. उतरून परत चढला तर एमआरआय करावा, चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून डाय देऊन. एक्स-रेत पहिले दोन-तीन आठवडे काही दिसत नाही.

दहा दिवसांचा हिशेब तर कुठून आला कोण जाणे. गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, त्यामुळे औषध तिथे जेमतेम झिरपतं. म्हणून कोर्स किमान सहा आठवड्यांचा, सुरुवातीला शिरेतून. बहुतेकदा जंतू स्टॅफिलोकोकस असतो, पण आपल्याकडे टीबी आणि त्याचे भाऊबंदही निघतात. त्यांना नेहमीची अँटिबायोटिक्स लागू पडत नाहीत. त्यामुळे पेशंटची प्रकृती ठीक असेल तर पहिल्या डोसआधीच ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) आणि सीटी बघत सुईने काढलेला नमुना हवा.

दुसरं ऑपरेशन टळू शकतं, हे अर्धसत्य. बरेच जण औषध आणि कमरेच्या पट्ट्यावर बरे होतात. पण पायाची ताकद गेली, पू नसांवर दाबतोय, मणका खचून वाकतोय, किंवा औषध चालू असूनही दुखणं आणि सीआरपी हटत नाही, तर चीर द्यावीच लागते. लघवी अडकली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ऑपरेशनात सडलेली गादी काढून वरच्या-खालच्या मणक्याचा पृष्ठभाग क्युरेट नावाच्या चमच्यासारख्या हत्याराने खरवडतात, हाडातून ताजं रक्त टिपकेपर्यंत. मेलेलं हाड मागे राहिलं की पू परत येतो. मग काही लिटर सलाइनने धुतात. नमुना म्हणजे कापसाच्या काडीवरचा पू नव्हे. चार-पाच ठिकाणचे तुकडे हवेत, निर्जंतुक डबीत: कल्चरला, टीबीच्या जीन एक्स्पर्ट तपासणीला, बुरशीला. फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या रसायनात, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा पॅथॉलॉजीचा तुकडा जातो. गडबडीत सगळेच तुकडे त्या बाटलीत पडले की जंतू मरतात, रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ (जंतू वाढले नाहीत) येतो आणि पुढचे सहा आठवडे औषध अंदाजपंचे.

आता स्क्रू. ते लोखंडाचे नसतात, सहसा टायटॅनियमचे असतात. धातूवर जंतूंचा चिकट थर बसतो हे खरं, पण टायटॅनियमवर स्टीलपेक्षा कमी. आणि गादी खरवडल्यावर मणका हलत राहिला तर हाड जुळत नाही, संसर्गही आटपत नाही. स्क्रू मागच्या बाजूने, शक्यतो पक्क्या हाडात जातात; मधली पोकळी बऱ्याचदा पेशंटच्याच कमरेच्या हाडाने भरतात. त्यानंतरही औषध सहा ते बारा आठवडे चालतं. ते मध्येच सोडलं तर स्क्रू ढिले होऊ शकतात आणि दोष धातूवर जातो.

मालिश? खचू पाहणाऱ्या मणक्यावर वस्तादाचाही अंगठा नको.