फॅसिस्ट व्हायचंय? आधी लॉर्डाच्या घरात जन्म घ्या

हिटलरभक्ती करायचीच असेल तर जरा डोकं लावून करा राव. लंडनच्या गल्लीत राहून काळा शर्ट घातलात तर लोक सरळ गुंड म्हणतात. म्हणून पहिलं काम, बाप निवडताना लॉर्ड निवडा. लॉर्ड रीड्सडेलसारखा, सहा पोरी, एक पोरगा, आणि करमणूक काय तर स्वतःच्याच पोरींच्या मागावर शिकारी कुत्रे सोडायचे. थोराघरचे श्वान त्याला सर्वही देती मान, ते काय उगीच म्हणतात.

पोरीचं नाव ठेवा युनिटी वाल्किरी मिटफर्ड. आणि ती पोटात राहिली कुठे, तर कॅनडातल्या स्वस्तिका नावाच्या गावात, बापाचा तिथे सोन्याच्या खाणीचा नाद चालू होता. शप्पथ, मनचं काही सांगत नाहीये.

मग म्युनिक गाठायचं. हिटलर ज्या हॉटेलात जेवायला येतो तिथे टेबल धरून बसायचं, महिनोन्महिने, शेवटी 9 फेब्रुवारी 1935 ला साहेबांनी स्वतः बोलावून घेतलं. त्याच वर्षी 'डेअर श्टुर्मर' या ज्यूंविरुद्ध गरळ ओकणाऱ्या नाझी साप्ताहिकाला पत्र, की मी ज्यूद्वेष्टी आहे आणि माझं नाव पूर्ण छापा. निनावी वगैरे भानगडच नाही.

लग्नाचं बहीण डायनाकडून शिका. गिनेस बिअरवाल्यांच्या घरातला नवरा सोडून ब्रिटनमधल्या काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांचा नेता ऑस्वाल्ड मोस्लीला धरलं, ज्याची आधीची बायको म्हणजे आपल्या वंगभंगवाल्या कर्झनची मुलगी. 4 ऑक्टोबर 1936 ला लंडनच्या केबल स्ट्रीटवर पब्लिकने मोस्लीचा मोर्चा अडवला आणि 6 तारखेला हा बर्लिनमध्ये गोबेल्सच्या घरी बोहल्यावर! हिटलर पाहुणा, आहेर काय तर चांदीच्या फ्रेममध्ये स्वतःचाच फोटो. (ही आयडिया आपल्या नगरसेवकांना कळू देऊ नका.)

युद्ध सुरू झालं तरी टेन्शन नाही. युनिटीने त्याच दिवशी म्युनिकच्या बागेत डोक्यात गोळी घालून घेतली, वाचली, दवाखान्याचं बिल हिटलरने भरलं आणि 1940 च्या जानेवारीत बाई घरी परत. अटक नाही काही नाही. त्याच वर्षी हिटलरच्या तावडीतून जीव घेऊन पळालेले हजारो ज्यू निर्वासित ब्रिटिश सरकारने शत्रूदेशाचे नागरिक म्हणून आइल ऑफ मॅनवर काटेरी तारांमागे ठेवले होते. चूक त्यांचीच, हिटलरला सोडून यायचं तर निदान त्याच्याकडे चहा पिऊन तरी यायचं ना!

डायनाला मात्र हॉलोवे तुरुंग घडला, त्यात सख्ख्या बहिणीने, नॅन्सीनेच, सरकारकडे चुगली केलेली. पण चर्चिल नात्यातले, त्यामुळे पुढे तुरुंगाच्या आवारातच नवऱ्यासोबत राहायला घर आणि झाडलोटीला दुसरे कैदी. 1943 ला सुटका, नंतर पॅरिसजवळ टुमदार बंगला.

आणि हो, घाई करून मरू नका. 1989 साली बीबीसी रेडिओ डायनासारखं तुम्हालाही आवडती गाणी ऐकवायला बोलावेल, तेव्हा साठ लाख ज्यू मारल्याचा आकडा काही मला पटत नाही असं गोड आवाजात सांगायचं, आणि पुढची रेकॉर्ड लावायची.