‘बंद मशीन गळ्यात मारलं’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

शिकण्यासाठी आमच्याकडून घेतलेलं जुनं टिग मशीन (टंगस्टनच्या काडीने आर्क पाडून वेल्डिंग करणारं) खराब निघालं, असं तुम्ही लिहिलंय. टॉर्चमधलं टंगस्टन क्षणात वितळून त्याचा गोळा होतो, वेल्डिंग काळं आणि भोकाभोकांचं येतं, ॲल्युमिनियम जुळतच नाही, मशीन मध्येच थांबतं आणि आम्ही ते परत घ्यायला नकार दिला, अशा तुमच्या तक्रारी आहेत. जुनं मशीन घ्यायच्या विचारात असलेले इतरही हे वाचतायत, म्हणून उत्तर इथेच देतो.

परत घेण्याचं आधी सांगतो. ‘मशीन घेऊन या, समोर चालवून बघू’ एवढंच मी फोनवर म्हणालो होतो. याला नकार म्हणायचं असेल तर तुमची मर्जी. पण न बघता वापरलेलं मशीन परत घेणारा दुकानदार मला तरी माहीत नाही.

आता तुम्ही टाकलेला फोटो. त्यात टॉर्चची केबल प्लसच्या सॉकेटमध्ये आहे आणि अर्थची (जोडायच्या तुकड्याला लावायची) मायनसमध्ये. टिगला डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटवर) नेमकं उलटं लागतं: टॉर्च मायनसला, अर्थ प्लसला. डीसी आर्कमधली ढोबळमानाने 70 टक्के उष्णता प्लसच्या बाजूला जाते. ती जॉबवर, म्हणजे जोडायच्या तुकड्यावर पडायला हवी. तुमच्या जोडणीत ती सगळी 1.6 मिमीच्या टंगस्टनवर येतेय, मग त्याचा गोळा नाही होणार तर काय? हे मशीन साध्या वेल्डिंग रॉडचंही काम करतं आणि रॉडला होल्डर बहुतेक वेळा प्लसला लावतात. मध्ये कधीतरी रॉडने काम केलं असेल आणि केबल तशीच राहिली असेल. नवशिक्यांकडून हे सर्रास होतं, त्यात कमीपणा काही नाही. पण त्याला मशीनचा दोष म्हणता येत नाही.

काळ्या वेल्डिंगचं उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. ‘ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याचा सिलिंडर लावला’ असं तुम्ही म्हणता. तो मिगवर (तारेच्या वेल्डिंगवर) काम करत असेल, तर त्याच्या सिलिंडरमध्ये बहुधा आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण असणार. मिगला ते चालतं, टिगला अजिबात नाही. आर्कच्या उष्णतेत कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन मोकळा होतो, तापलेलं टंगस्टन जाळतो आणि वितळलेल्या धातूत शिरतो. टिगला शुद्ध आर्गनच हवा, मिनिटाला 7-8 लिटर पुरतो. गॅस जास्त सोडला तर उलट वावटळ होऊन बाहेरची हवा आत ओढली जाते. पंखा बंद ठेवा. आर्क तुटल्यावर टॉर्च लगेच उचलू नका, टंगस्टन थंड होईपर्यंत गॅस वाहू द्या. पत्र्यावरची काळी खपली, गंज, रंग, तेल हे सगळं आधी घासून काढा. रॉड असली घाण थोडीफार खपवून घेतो, टिग नाही.

फोटोत मागे जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) तुकडे दिसतायत. सराव त्यांच्यावर करत असाल तर आजच थांबवा. जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. शिवाय त्यावर वेल्डिंगही कधी नीट येत नाही, म्हणजे शिकणंही होत नाही.

ॲल्युमिनियमवर मात्र मी ठाम आहे. मशीनच्या पाटीवर फक्त डीसी लिहिलंय, तेच पावतीवरही आहे. घेताना तुम्ही ‘एमएस आणि एसएस शिकायचंय’, म्हणजे माइल्ड स्टील आणि स्टेनलेस स्टील, असं म्हणाला होता. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्यावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याला 2000 अंशांहून जास्त तापमान लागतं. तो पापुद्रा फोडायला एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट लागतो. डीसीवर आतला धातू पातळ होतो आणि वरची कातडी तशीच राहते. एसी-डीसी मशीन आमच्याकडेही असतात. ती महाग असतात आणि जुन्यात घेतली तर बिघडायला जागाही जास्त. ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याला मी ती सुचवत नाही आणि पुढेही सुचवणार नाही. दोन मिमीच्या स्वच्छ एमएस पत्र्यावर 70-80 ॲम्पियरने सरळ रेघ यायला लागली, की पुढचं बोलू.

मशीन मध्येच थांबतं याचंही कारण पाटीवरच आहे: 200 ॲम्पियरला 30 टक्के ड्यूटी सायकल. म्हणजे पूर्ण करंटवर 10 मिनिटांत 3 मिनिटं काम आणि बाकीची विश्रांती. तुम्ही नॉब शेवटपर्यंत फिरवून चालवलंत, मशीन तापलं आणि थर्मल कटने स्वतःला वाचवलं. पिवळा दिवा लागला की स्विच बंद करू नका, आतला पंखा चालू राहू द्या. 80 ॲम्पियरवर तो दिवा लागला, तर मात्र आत धूळ साचली असेल किंवा पंखा मंद झाला असेल. तसं असेल तर ते काम आमचं.

टॉर्चची केबल कडक आहे ही तक्रार खरी आहे. जुन्या टॉर्चची असतेच, विकताना ती मी तुमच्या हातात देऊन दाखवली होती. मऊ केबलची टॉर्च बसवता येते, पण तो खर्च वेगळा. माझं विचाराल तर आधी तो पैसा सिलिंडर, गॅस मोजायचा फ्लोमीटर आणि टंगस्टन घासायला वेगळ्या चाकावर घाला. टंगस्टन लांबीच्या दिशेने घासायचं, आडवं नाही. शिकताना ते जॉबला टेकणारच, तेव्हा दर वेळी पुन्हा टोक काढावं लागतं. आम्ही निळ्या टोकाचं लँथनमवालं दिलंय. लाल टोकाचं थोरियमवालं कोणी देऊ केलं तर घेऊ नका. थोरियम किरणोत्सारी आहे, घासताना त्याची धूळ नाकात जाते.

मशीन आणा. आमच्या शुद्ध आर्गनवर, टॉर्च मायनसला लावून, तुमच्याच पत्र्यावर तुमच्यासमोर चालवू. तरीही टंगस्टन वितळलं किंवा आर्क धरला नाही, तर मशीन ठेवून घेऊन पैसे परत देईन. येताना टॉर्च आणि अर्थ केबल दोन्ही आणा, अर्थ क्लॅम्पची पकडही बघायची आहे.