तरुणांसाठी वेगळी उपासना हवी का?

मायदेशातील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांच्या वेगळ्या उपासनेवरून वाद होत असतात. जुनी गीते आणि लांबलेले उपदेश यांमुळे मुले दुरावतात असे एक बाजू म्हणते, तर सगळे कुटुंब एकत्र बसते हीच आपली रीत असे दुसरी बाजू बजावते. इंग्लंडमध्ये राहून हे वाचताना मला वाटते की दोघेही कोणी कुठे बसावे एवढ्याचाच विचार करतात. कोण कोणाला ओळखतो, हा प्रश्न मागे राहतो.

पाश्चात्त्य मंडळ्यांनी वयानुसार विभागणी चांगल्या हेतूने केली. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये ग्लॉस्टरला रविवारची शाळा काढली ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना वाचता यावे म्हणून, आणि फ्रान्सिस क्लार्क यांनी १८८१ मध्ये अमेरिकेत ख्रिश्चन एन्डेव्हर हा तरुणांचा संघ काढला तो तरुणांनी स्वतः जबाबदारी घ्यावी म्हणून. विसाव्या शतकात मात्र वर्ग वाढत गेले, तरुणांची जबाबदारी सांभाळणारे पगारी युवापाळक आले, आणि अनेक ठिकाणी मुले मोठ्यांच्या उपासनेत क्वचितच बसू लागली. वय वाढले की तरुण संघ सुटतो, आणि अशा वेळी ज्यांच्यात जाऊन बसायचे ते सगळे अनोळखी असतात.

कॅलिफोर्नियातील फुलर सेमिनरी या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेच्या युवा विभागाने तरुण संघांतून महाविद्यालयात गेलेल्या ५०० हून अधिक विद्यार्थ्यांचा काही वर्षे मागोवा घेतला, तेव्हा सर्व पिढ्यांच्या एकत्रित उपासनेतील सहभाग आणि पुढे टिकलेला विश्वास यांचा संबंध ठळकपणे दिसला. अर्थात संबंध म्हणजे कारण नव्हे; ज्या घरांत श्रद्धा आधीच मुरलेली असते, तीच मुलांना अशा उपासनेला आणत असतील. तरीही, आईवडिलांखेरीज चार-पाच प्रौढ माणसे एखाद्या मुलाला नावाने ओळखत असतील, त्याच्या परीक्षेची चौकशी करत असतील आणि त्याच्या शंकांनी दचकत नसतील, तर घर सोडल्यावरही त्याच्यामागे कोणीतरी उरते, हे मला पटते. इंग्लंडच्या दक्षिणेला पोर्ट्समथजवळ २००४ मध्ये सुरू झालेले ‘मेसी चर्च’ याच जाणिवेतून लहानथोरांना एकत्र हस्तकला, उपासना आणि जेवणासाठी बोलावते, आणि मोठ्यांनी मुलांना नुसते सोडून जाऊ नये, असा त्याचा आग्रह आहे.

म्हणून, इकडे ज्या वाटेवरून लोक परत फिरत आहेत ती वाट आपण आता नव्याने धरू नये. पण ‘आमच्याकडे सगळे एकत्रच असतात’ हा अभिमानही मला फारसा मान्य नाही. एकाच छताखाली बसूनही तरुण शेवटच्या बाकावर असतात, शास्त्रपाठ ठरलेलेच वडीलधारे वाचतात आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीत तरुणांना खुर्च्या लावण्यापलीकडे विचारले जात नाही. अशा एकत्र बसण्यापेक्षा वेगळा तरुण संघ कदाचित बराच, कारण तिथे निदान कोणी त्यांचे ऐकते.

पिढ्यांचा मेळ घालायचा तर एक अप्रिय कामही करावे लागेल. इंग्लंडमध्ये मुलांबरोबर नियमित काम करणाऱ्या स्वयंसेवकाची गुन्हेनोंद तपासली जाते आणि त्याला प्रशिक्षणही दिले जाते. ‘आपलीच माणसे आहेत’ म्हणून हा भाग गाळू नये. वेगळ्या उपासनेचा ठराव मांडणाऱ्यांनी आणि त्याला विरोध करणाऱ्यांनीही हा तपासणीचा भाग आपापल्या मसुद्यात आधी लिहावा.