सेल्फ मारला की टक्

हस्ताचा पाऊस यंदा बरा झाला, मग चार दिवस उघडीप मिळाली आणि रानात वापसा आला. आमच्या बार्शीकडच्या काळ्या रानवाल्यांना वापसा म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, मूठभर माती दाबायची, गोळा झाला पाहिजे आणि खाली टाकला की फुटला पाहिजे. चिकटला तर थांबा, गोळाच झाला नाही तर उशीर झाला, बसा आभाळाकडं बघत. मधले दोन-तीन दिवस काय ते आपले. मालदांडी ज्वारीचं बी घरात, पेरणी यंत्र मागं जोडलेलं, सकाळी सहाला मी ट्रॅक्टरवर चढलो, देवाचं नाव घेतलं, क्लच दाबला आणि चावी फिरवली.

टक्.

परत फिरवली. टक्. बास, एवढंच. घर्रर्र नाही की घुर्रर्र नाही. दसऱ्याला मी स्वतः दोन दिवस खपून रंग दिलेला ट्रॅक्टर, बोनेटवर झेंडूची माळ अजून सुकायची होती, दिसायला असा की कालच शोरूममधनं आणलाय, आणि आवाज म्हणाल तर पाल चुकचुकल्यासारखा.

आता गावात कुणाचं पोट दुखलं तर चारच माणसं सल्ला द्यायला येतात, पण ट्रॅक्टर चालू होईना म्हटलं की पाचव्या मिनिटाला अख्खी आळी हजर, त्यातल्या निम्म्यांकडं ट्रॅक्टर नाही आणि उरलेल्या निम्म्यांचाही बंदच आहे. "बॅटरी उतरली," तात्या लांबूनच म्हणाले. "दसऱ्यापासनं जागेवर हुबा हाय, दुसरं काय." दुसरा म्हणाला सेल्फचे, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणाऱ्या मोटरचे, कार्बन गेले. तिसरा म्हणाला उंदरानं वायर खाल्ली, त्याच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरची खाल्ली होती, मग त्या उंदराची गोष्ट दहा मिनिटं. एक जण म्हणाला प्लग काढून पुसा. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो हे त्याला सांगायचा माझ्यात त्राण नव्हता, मी नुसती मान हलवली.

मी मात्र शिकलेला. लॉकडाऊनमधे साडेतीनशेला मागवलेला व्होल्ट मोजायचा मीटर माझ्याकडं होता आणि तो वापरायची संधी मी कधीपासून शोधत होतो. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. 12.6. म्हणजे बॅटरी फुल! 12.2 वगैरे दाखवला असता तर निम्मी उतरली म्हणता आलं असतं. मी मीटर वर धरून सगळ्यांना दाखवला, अगदी मॅचमधे ट्रॉफी दाखवतात तसा. तात्या म्हणाले, "आकडा काय करायचाय, चालू कर की."

हॉर्न वाजवला तर शेजारच्या वस्तीवरची कुत्री उठली, लाईट लावली तर लख्ख. फ्यूज तपासले, सगळे बरे. न्यूट्रलचा स्विच बघितला. टर्मिनलवर जी पांढरी-हिरवी भुकटी जमते ती गरम पाण्यानं धुतली, पॉलिश पेपर मारला, ग्रीस चोपडलं. चावी. टक्. मग तात्यांनी मला बाजूला सारून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि थेट सोलेनॉइडचे, म्हणजे सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचचे, दोन बोल्ट जोडले (हे करू नका हो, ट्रॅक्टर गिअरमधे असला तर खाली उभ्या माणसाच्या अंगावरच येतो). ठिणगी पडली, पण तीसुद्धा मरतुकडी, ओल्या काडीसारखी. त्याच ठिणगीकडं मी नीट बघायला हवं होतं, पण बघितलं कुणी.

शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणला, जंपर केबल लावल्या, प्लसला प्लस, मायनसला मायनस, दोन बॅटऱ्यांची ताकद. टक्. दोन बॅटऱ्यांची मिळून एक टक्.

शेवटी यंत्र सोडवलं, साखळी बांधली, मी टॉप गिअर टाकला, त्यानं ओढला, क्लच सोडला आणि ट्रॅक्टर दोन हिसक्यात चालू! आळीनं आरोळी ठोकली. आता फक्त एकच गोष्ट पाळायची होती, बंद करायचा नाही. मी दिवसभर पेरलं. बी भरताना चालू, पाणी पिताना चालू, दुपारी बायको भाकरी घेऊन आली तर बांधावर भाकरी आणि शेजारी धाडधाड, तिनं काय विचारलं मला ऐकू आलं नाही आणि मी काय उत्तर दिलं ते तिला अजून पटलेलं नाही. चार वाजता मी लघवीला गेलो. तेवढ्यात आण्णा रानात आले. रिकामा ट्रॅक्टर नुसताच डिझेल जाळतोय हे त्यांना बघवेना, त्यांनी मायेनं स्टॉप ओढला.

"आण्णा!" मी लांबनंच ओरडलो.

"आरं नव्वद रुपये लिटर हाय," आण्णा म्हणाले.

मी काही बोललो नाही. बाप आहे.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून डायनॅमो-सेल्फवाला मिस्त्री आला, पंचविशीतलं पोरगं, तोंडात मावा, हातात फक्त एक जंपर केबल. मी त्याला सगळा इतिहास सांगायला लागलो, 12.6 सांगितला, तो हं हं करत ट्रॅक्टरभोवती फिरत होता. मग त्यानं केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं आणि दुसरं इंजिनच्या एका उघड्या बोल्टला. "मारा."

घर्रर्र धाड धाड धाड.

"अर्थिंग," तो थुंकून म्हणाला. मग मीटर मागितला, ट्रॅक्टर बंद करून, केबल काढून माझा मीटर मायनस आणि इंजिनच्या मधे लावला, परत चावी मारायला लावली. शून्याच्या आसपास दिसायला पाहिजे तिथं 9 व्होल्ट. म्हणजे बॅटरीतनं निघालेली बहुतेक ताकद मायनसला बॉडीशी जोडणारी पट्टी आणि बॉडी यांच्या मधेच कुठंतरी मरत होती. "हॉर्नला तांब्याभर करंट लागतो, तेवढा कसाबसा पाझरतो. सेल्फला दोन-अडीचशे अँपियर लागतात, पाट लागतो पाट." त्यानं पाना लावून पट्टीचा बोल्ट काढला आणि पट्टी उलटी करून माझ्या तोंडासमोर धरली.

पट्टीच्या खाली लाल. बोल्टच्या बुडाला लाल. बॉडीवर जिथं लोखंडाला लोखंड भिडायचं तिथं दोन हातांचा चकचकीत लाल ऑइल पेंट. काही राहू नये म्हणून मी बॅटरी उतरवून, पट्टी सोडून, आत ब्रश घालून घालून दिलेला.

"रंग कुणी दिला हो?" मिस्त्रीनं विचारलं.

आळी गप्प. आण्णांनी आधी ट्रॅक्टरकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आमच्याच साहेबांनी," ते म्हणाले. "हात लई बारीक हाय त्यांचा."

पोरानं पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा पांढरी होईस्तोवर घासली, बोल्ट आवळला, वरनं ग्रीस लावलं, दोनशे रुपये घेतले. राहिलेलं दीड एकर संध्याकाळपर्यंत पेरून झालं. रंगाचा अर्धा डबा शिल्लक होता, दिवाळीला ट्रॉली रंगवायची म्हणून ठेवलेला. आण्णांनी तो कुठं लपवलाय ते काही सांगत नाहीत.