दहा यार्डांचा फेरफार

अमेरिकेत मुलाकडे राहायला आलेल्या सेवानिवृत्त वडिलांना रविवारी दुपारी दोनच पर्याय असतात: सुनेबरोबर किराणा आणायला जाणे, किंवा नातवाशेजारी सोफ्यावर बसून त्यांचा तो अमेरिकन फुटबॉल पाहणे. मी गुडघ्यांच्या सल्ल्याने दुसरा पर्याय स्वीकारला, आणि तेव्हापासून न्यू जर्सीतल्या त्या दिवाणखान्यात माझा जो छळ चालू आहे, त्याचे मूळ एकाच प्रश्नात आहे: लाथ मारलेला चेंडू आता नक्की कोणाचा?

माझी उभी हयात महसूल खात्यात गेली. ताबा एकाचा, मालकी दुसऱ्याची आणि वहिवाट तिसऱ्याचीच, अशी प्रकरणे रोज हाताळणाऱ्या माणसाला एका चेंडूचा निवाडा जड जाऊ नये. परंतु किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी लाथ, हे प्रकरण निराळे आहे. आपल्या ३५ यार्डांच्या रेषेवरून एक संघ चेंडू लाथाडतो आणि त्या क्षणापासून चेंडू बेवारस होतो. तो १० यार्ड पुढे जाईपर्यंत लाथ मारणाऱ्यांनी त्याला हात लावायचा नाही. मात्र त्याआधीच समोरच्या संघातल्या कोणाचा स्पर्श झाला, तर ही अट तिथल्या तिथे रद्द होते. १० यार्ड ओलांडल्यावर तो ज्याच्या हाती लागेल त्याचा. इथवर मला पटले होते.

पुढची तरतूद ऐकून मात्र मी उठून बसलो. लाथ मारणाऱ्या संघाने चेंडू पटकावला, तर चेंडू त्यांचा होतो, पण तो घेऊन त्यांना पळता येत नाही. जिथे पकडला तिथेच खेळ थांबतो. म्हणजे जमीन मिळाली, बिगरशेती परवानगी मिळाली नाही. समोरच्या खेळाडूच्या हातून चेंडू नुसता निसटला असेल, तरीही हेच कलम लागू. पण त्याने चेंडू आधी नीट ताब्यात घेतला आणि मग सांडला, तर तो उचलून लाथ मारणाऱ्यांनी थेट दुसऱ्या टोकापर्यंत धावत जावे, कोणाची हरकत नाही. निसटणे आणि सांडणे यांतला फरक अर्ध्या सेकंदाचा असतो आणि तो पडद्यावर संथ गतीने दाखवतात, तेव्हा नातू श्वास रोखून बसतो आणि मी चष्मा पुसतो.

एवढे आत्मसात करून मी एकदा मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, ‘‘घेतला की रे यांनी चेंडू!’’ त्यावर नातवाने, खिडकीवरचा कारकून ज्या स्वरात ‘झेरॉक्स जोडलेली नाही’ म्हणतो त्याच स्वरात सांगितले, ‘‘आजोबा, तो पंट होता.’’ तीच लाथ, तोच चेंडू, तेच २२ जण; परंतु पंट म्हणजे चेंडू पुढे नेणे जमत नाही म्हणून तो समोरच्यांकडे लाथाडून देणे; त्यात समोरच्यांनी स्पर्शच केला नसेल, तर लाथ मारणाऱ्यांनी चेंडूवर झोपून राहिले तरी तो समोरच्यांचाच.

या बारकाव्यांमुळे जाणत्यांचीही फसगत होते, हा माझा मोठा दिलासा आहे. १ जानेवारी २०१७ रोजी आमच्याच राज्यातल्या ईस्ट रदरफर्डच्या मैदानावर न्यू यॉर्क जेट्सने किकऑफला लाथाडलेला चेंडू बफेलो बिल्सच्या एन्ड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, गेला. तिथल्या खेळाडूने, पंट असल्याप्रमाणे, त्याला शिवण्याची तसदी घेतली नाही. जेट्सचा डग मिडलटन मागून आला, चेंडूवर पडला आणि टचडाऊन, म्हणजे सहा गुण, मिळाले! पगारी, व्यावसायिक मंडळींचे हे वर्तन पाहिल्यापासून मी नातवासमोर मान खाली घालणे सोडले आहे. २०१८ मध्ये ही पळवाट बुजवण्यात आली, आणि २०२४ मध्ये तर किकऑफची मांडणीच बदलून टाकली: आता लाथ मारणारा एकटाच मागे, त्याचे दहा सोबती पार समोरच्यांच्या ४० यार्डांच्या रेषेवर, आणि चेंडू ठरलेल्या पट्ट्यात जमिनीला किंवा कोणाला लागेपर्यंत त्यांनी हलायचे नाही.

माझे खरे प्रेम मात्र ऑनसाइड किकवर आहे. पिछाडीवर असलेला संघ मुद्दाम चेंडू जेमतेम १० यार्ड जाईल असा मारतो आणि त्यावर सगळे तुटून पडतात. मग पंच एकेका देहाला बाजूला करीत तळाशी पोहोचतात. पंचनामा या शब्दाला इतका न्याय देणारे दृश्य मी नोकरीतही पाहिले नव्हते. ७ फेब्रुवारी २०१० च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, न्यू ऑर्लिन्स सेंट्स मध्यंतराला ६-१० असे मागे होते. उत्तरार्धाच्या पहिल्याच लाथेला त्यांनी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, हा डाव टाकला. समोरच्या कोल्ट्स संघातल्या हँक बॅस्केटच्या हातून चेंडू उसळला, ढिगाऱ्याच्या तळाशी तो सेंट्सच्या ख्रिस रीसकडे सापडला, आणि शेवटी सेंट्सने सामना ३१-१७ असा जिंकला. नातवाने हे चित्रण मला दाखवले, तेव्हा सून चहा घेऊन आली होती. तो गार झाला.

आणि इतक्या सुंदर गनिमी काव्यावर या लोकांनी परिपत्रक काढले! २०२४ पासून ऑनसाइड किक मारायची असेल, तर आधी पंचांना तसे कळवावे लागते. त्या वर्षी तर ती फक्त पिछाडीवरच्या संघाला आणि फक्त शेवटच्या चतुर्थांशात मारता येत असे; २०२५ मध्ये वेळेची अट काढली, पूर्वसूचनेची ठेवली. म्हणजे आज सेंट्सना तोच डाव खेळता आला असता, पण आधी पंचांना आणि पंचांमार्फत कोल्ट्सना कळवून.

‘‘मग कोल्ट्स तयारच राहिले असते ना, आजोबा?’’ नातवाने विचारले.

‘‘बाळा,’’ मी म्हणालो, ‘‘नोटीस काढतात ती त्यासाठीच. हरकती मागवायचे तेवढे यांचे राहून गेले आहे.’’