सत्तर ते सदतीस

रात्री अडीच वाजता सासूबाईंच्या स्वयंपाकघरात उभा असलेला जावई, ही गोष्ट आपल्या रीतिरिवाजांनी कुठेही गृहीत धरलेली नाही. जावयाने पाटावर बसावं, माशाचं हुमण दुसऱ्यांदा वाढताना ‘पुरे, पुरे’ म्हणत ताट थोडं पुढेच सरकवावं आणि जेवण झालं की बडीशेप चघळत बाहेर सोप्यावर जाऊन बसावं, एवढंच त्याचं कार्यक्षेत्र. पण बायको बाळंतपणाला माहेरी गोव्यात कवळ्याला, मी रजा टाकून तिच्या मागे, आणि डॉक्टरांनी बजावलेलं की आईला पुरेसं दूध येईपर्यंत बाळाला अधूनमधून वरचं दूध द्यावं लागेल. अंगावर पाजणं काही माझ्या हातातलं नव्हतं. बाटली होती. रात्रपाळी माझ्याकडे आली.

आधी दुधाच्या पावडरीच्या डब्याशी ओळख झाली. तेल असो, साबण असो, बाळाच्या कुठल्याही वस्तूवर एक गुटगुटीत बाळ हसत असतं. या डब्यावर नसतं. १९९२च्या कायद्याने त्याला मनाई आहे आणि २००३मध्ये हा कायदा आणखी कडक झाला. शिशुदुधाच्या डब्यावर बाळाचं चित्र नको, बाईचं नको, जाहिरात तर कुठेच नको. उलट आईचं दूधच बाळासाठी उत्तम, असं ठळक अक्षरांत छापायचं. सिगारेटचं पाकीट सोडलं तर स्वतःविरुद्ध एवढा प्रचार करणारा माल मी दुसरा पाहिलेला नाही. कायदा योग्यच आहे. फक्त टाके दुखत असताना, पहाटे तीन वाजता, पदर सावरत हे वाक्य वाचणारी बाई तो करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसावी. आमच्या हिने ते एकदा वाचलं आणि डब्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. तेव्हापासून तो आमच्याकडे पाठ करूनच असतो. मापं पाठीवरच छापलेली असल्यामुळे माझं काही अडलं नाही.

अडत होतं ते तापमानाशी. सासरे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. घरात नात आल्याचा आनंद त्यांनी कपाटातून प्रयोगशाळेचा थर्मामीटर काढून साजरा केला. वर जागतिक आरोग्य संघटनेची २००७ सालची मार्गदर्शिका कुणाकडून तरी छापून आणली, तिच्यावर लाल पेनाने खुणा केल्या आणि मला समोर बसवलं. पाणी उकळायचं ते पाण्यातल्या जंतूंसाठी, एवढं कुणालाही कळतं. पण पावडर स्वतःच निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू निघतो, कधी साल्मोनेला, आणि अपुऱ्या दिवसांच्या किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तो जिवावर बेतू शकतो. म्हणून पाणी उकळलं की फार तर अर्धा तास ठेवायचं आणि ते सत्तर अंशांच्या खाली उतरायच्या आत त्यात पावडर घालायची. कोमट पाण्यात पावडर ढवळली, की झालं दूध, ही सगळ्या आळीला माहीत असलेली सोपी कृती तिथेच बाद झाली.

आता बाळ काही सत्तर अंशांचं दूध पीत नाही. त्याला सदतीसच्या आसपास लागतं. सत्तर आणि सदतीस यांच्यामध्ये तेहतीस अंश आहेत आणि त्या तेहतीस अंशांत एक नवजात बालक रडत असतं.

“निवण्याचा न्यूटनचा नियम आठवतो का?” सासऱ्यांनी विचारलं. मला आठवत नव्हता. नववी-दहावीत मला न्यूटनचं डोक्यावर पडलेलं सफरचंद तेवढं आवडायचं. नियम असा, की वस्तू भोवतालापेक्षा जितकी जास्त गरम, तितकी ती झपाट्याने निवते, आणि भोवतालाच्या जवळ येऊ लागली की रेंगाळते. म्हणजे सत्तरवरून पन्नासवर बाटली चटकन येते. पन्नासवरून चाळीसला येताना ती इकडेतिकडे बघत चालते. शेवटच्या दोन-तीन अंशांना तर ती चक्क बसूनच घेते. त्यात आमची बाय मेच्या अखेरीस जन्मलेली. उकाडा असा की रात्रीही भिंतींना हात लावला तर गरम. बाटली नळाखाली धरून निववा, म्हणतात. टाकी दिवसभर उन्हात तापलेली. त्या नळाखाली बाटली धरली तर कोण कुणाला निववतंय हे कळायला मार्ग नव्हता.

आतल्या खोलीतून आवाज चढत जायचा. आधी कुरकुर, मग तक्रार, मग थेट निषेध. “अरे, झालं का?” असं बायको विचारायची. सासूबाई विचारायच्या नाहीत, नुसत्या दारात येऊन उभ्या राहायच्या, ते जास्त भारी पडायचं. सासरे थर्मामीटर उजेडात धरून “बेचाळीस” असं जाहीर करायचे.

याच काळात शेजारच्या काकी बाळ बघायला आल्या आणि त्यांनी पाण्याचा प्रश्न बाजूला ठेवून पावडरीचा काढला. “चमचाभर जास्तच घाल रे बाबा, पोर बाळसं धरेल.” त्यांच्याबरोबर आलेल्या त्यांच्या जाऊबाईंचं मत नेमकं उलट. “पातळ दे. एवढंसं पोट, जड पडेल.” दोघीही अनुभवी, दोघींचीही मुलं धडधाकट, एक तर पोलिसात. मी दोघींना मान डोलावली आणि माप डब्याचंच ठेवलं. आमच्या डब्याला तीस मिलिलिटर पाण्यात एक सपाट चमचा लागतो. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने कड सारखी केलेला. दाबून भरलेला नाही, शिगोशीग नाही. दूध घट्ट झालं तर बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो आणि शी कडक होते. पातळ झालं तर पोट भरतं पण पोषण होत नाही. आधी पाणी मोजायचं, मग पावडर टाकायची. उलट केलं की पाण्याचं माप चुकलंच. बाटली रागाने हलवायची नाही, हळूच गोल फिरवायची, नाहीतर फेस होतो, आणि तो फेस पोटात जाऊन वारा धरतो, आणि मग खांद्यावर टाकून ढेकर काढण्याचा कार्यक्रम पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजेपर्यंत चालतो. पोदेर सायकलवरून आमच्या फाटकाशीच थांबतो. नुकतीच डोळा लागलेली बाय त्या भोंग्याला न चुकता दाद देते. घरातल्यांना गरम उंडे मिळतात, मला पुढची बाटली.

बाटल्या उकळायच्या कशात, यावर वेगळी वाटाघाट झाली. सासूबाईंच्या भांड्यांना खाती नेमून दिलेली आहेत. हा टोप पेजेचा, हा सोलकढीचा, आणि तो कोपऱ्यातला काळा, त्याला हात लावायचा नाही, तो बांगड्यांचा. शेवटी वरच्या फळीवरून एक जुना टोप उतरला. “हा तुमचा,” त्या म्हणाल्या. हुंड्यात काही न घेतलेल्या जावयाला सासरकडून मिळालेली ही पहिली स्थावर मालमत्ता. त्यात बाटल्या, निपल, बुचं आणि चिमटा पूर्ण बुडवायचे, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि दहा मिनिटं खळखळ उकळू द्यायचं. त्याआधी ब्रशने घासायचं, निपलच्या भोकातून पाणी पिळून काढायचं. साय तिथेच दडून बसते.

मस्कतच्या मेव्हण्याला हे कळलं तेव्हा त्याला फार वाईट वाटलं. त्याने कुणाच्या तरी हाती वाफेवर चालणारा विजेचा स्टरिलायझर पाठवला. बटण दाबलं की काही मिनिटांत सगळं निर्जंतुक. प्लगला तीन चपट्या दांड्या होत्या, त्या आमच्या गोल भोकांत जाईनात; फोंड्याच्या बाजारातून कन्व्हर्टर आणला. तो लावला त्या संध्याकाळी पहिला पाऊस आला आणि लाइट गेली. पावसाळ्यात आमच्याकडे ती जाण्यासाठीच येते. स्टरिलायझर ओट्याच्या टोकाला गेला, आणि माझा टोप पुन्हा गॅसवर.

बाटल्या आधीच करून फ्रिजमध्ये ठेवण्याचा बेतही असाच बुडाला. तसं चालतं म्हणे. पाच अंशांच्या आत, दारात नव्हे तर आतल्या बाजूला ठेवायच्या, चोवीस तासांत संपवायच्या, देताना गरम पाण्यात ठेवून कोमट करायच्या. मायक्रोवेव्ह वर्ज्य, कारण त्यात दूध कुठे थंड, कुठे चटका बसेलसं गरम होतं. पण लाइट रात्रभर गेलेल्या फ्रिजला पाच अंश कोण शिकवणार?

मार्ग निघाला तो थर्मासातून. झोपण्यापूर्वी पाणी उकळायचं, तडक थर्मासात ओतायचं, काठोकाठ भरून झाकण घट्ट लावायचं. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो, भरलेला मात्र कित्येक तास सत्तरच्या वर टिकतो. सासऱ्यांनी मध्यरात्री उठून, थर्मामीटर खुपसून, त्याची खात्री करून घेतली आणि समाधानाने परत झोपले. कोरड्या, उकळून घेतलेल्या डब्यांत पावडर मोजून ठेवलेली. निववण्यासाठी परसातल्या विहिरीचं पाणी घमेल्यात. या विहिरीच्या पाण्याची गोडी सासरे पाहुण्यांना हटकून सांगतात, आणि बायसाठी ते चालणार नाही म्हटल्यावर ते दुखावले होते. आता ते पाणी बाटलीबाहेरून तरी तिच्या कामी आलं. टाकीच्या पाण्यापेक्षा ते कितीतरी गार. बाटली मानेपर्यंतच बुडवायची, बूच पाण्याच्या वर. मग पुसून मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब. गरम लागला नाही, गारही लागला नाही, की झालं.

आणि तरी खरी मेख वेगळीच निघाली. रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याच्या बरंच आधी बाय ओठ हलवते, मान वळवून काहीतरी शोधते, मूठ तोंडात कोंबते. ती मूठ दिसली की थर्मास उघडायचा. ती आवाज लावेपर्यंत न्यूटनचं काम उरकलेलं असतं.

प्रश्न उरला तो उरलेल्या दुधाचा. बाय कधी साठ मिलिलिटर गटागटा पिते, कधी निम्म्यावर झोपते. तिने तोंड लावलेलं दूध ठेवायचं नाही, आणि न लावलेलंही बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. “टाकायचं?” सासूबाईंनी विचारलं. “एवढं महागाचं?” त्यांनी आयुष्यात शिळ्या भाताचं शीतही टाकलेलं नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, त्यामुळे घरचं मांजर उपाशीपोटी ओट्याखाली घुटमळत होतं. बाकीचं सांगायला नको. जुलै सरताना बायचं वजन डॉक्टरांना हवं तसंच वाढलं. पण बघण्यासारखं बाळसं धरलं ते मांजराने.

नागपंचमीच्या दिवशी मस्कतचा मेव्हणा व्हिडिओ कॉलवर आला. भाचीला बघून झालं, बहिणीची विचारपूस झाली, मग जरा संकोचून म्हणाला, “तो स्टरिलायझर वापरता ना? की पडून आहे?”

“पडून कसा असेल?” सासूबाई मागून म्हणाल्या आणि फोन ओट्याकडे वळवला. लाइट होती. झाकणातून वाफ येत होती, आणि घरभर हळदीच्या पानांचा वास सुटला होता. “एका वेळी आठ पातोळ्या होतात. अजून एक पाठव, चवथीला लागेल.”