चिंचेनं नाणं उजळतं, ग्रेड बुडते

“जुनी नाणी विकायचीत? आधी घरीच चमकवा, मग ग्रेडिंगला पाठवा. जितकी चमक जास्त, तितका नंबर मोठा!” अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या मराठवाड्यातल्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. (ग्रेडिंग म्हणजे कंपनीकडे नाणं पाठवून ते कितपत चांगलं आहे याचा १ ते ७० मधला आकडा, म्हणजे नंबर, घेणं.) परभणीच्या आत्याकडे तो पोचला आणि तिनं निजामाच्या रुपयांसाठी चिंच भिजत घातली, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

मेसेजचा सारांश असा. चांदी-तांब्याला चिंच-मीठ नाहीतर टूथपेस्ट लावा, ‘घरगुती आहे, काही होत नाही’. शेतात सापडलेल्या शिशाच्या नाण्यांवर पांढरी भुकटी असेल तर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. ॲसिटोन हे ॲसिड आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवून प्लास्टिकच्या पाकिटात घाला. घरी साफ केलेलं ग्रेडरला कळत नाही, आणि कंपन्या तरी काय, स्वतःच नाणी साफ करतात. मग थेट अमेरिकेला पाठवा.

आधी व्हिनेगर. बाकीच्या सल्ल्यांनी फक्त नाणं खराब होईल, या सल्ल्यानं माणूसही होईल.

पैठण, तेर, भोकरदन या भागात सातवाहनांची शिशाची, पोटीनची (तांबं-शिसं-कथलाच्या मिश्रणाची) नाणी पहिल्या पावसानंतर वर येतात, हे इकडे कुणाला नवीन नाही. शिशाच्या नाण्यावरची ती पांढरी भुकटी म्हणजे बहुतेक वेळा शिशाचं कार्बोनेट. ते होतं कशानं? ॲसिटिक ॲसिडची वाफ, ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड. आणि व्हिनेगर म्हणजे काय, तर पाणी घातलेलं ॲसिटिक ॲसिडच. रंगाच्या कामातला जुना सफेदा युरोपात शेकडो वर्षं याच रीतीनं काढत. मातीच्या भांड्याच्या तळाशी व्हिनेगर, वर शिशाच्या गुंडाळ्या, भोवती शेणखताची ऊब; काही आठवड्यांत शिशाचा पांढरा चुरा तयार. मेसेज लिहिणाऱ्या महाशयांनी सफेद्याचा कारखाना औषध म्हणून सांगितलाय.

सकाळी नाणं वाटीतून काढलं की स्वच्छ, करडं दिसतं आणि लोक खूश होतात. भुकटी विरघळलेली असते, खोटं नाही. पण तिच्याबरोबर खालचं शिसंही ॲसिटेट होऊन पाण्यात गेलेलं असतं. सातवाहन नाण्यावरचा हत्ती, कठड्यातलं झाड, उज्जैन चिन्ह (फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं) यांचा उठाव मुळातच बेताचा. अर्धा केस एवढा थर गेला तरी हत्तीची सोंड कुठली आणि डाग कुठला ते कळेनासं होतं. शिवाय बारीक छिद्रांत मुरलेलं ॲसिड आपलं काम थांबवत नाही. पावसाळी हवा लागली की भुकटी परत येते, आधीपेक्षा जास्त. आणि वाटीत जे पाणी उरतं ते विष आहे, चवीला गोडसर विष. घरात रांगतं पोर असेल तर पुढचं सांगायला नको. ती वाटी परत स्वयंपाकात जाणार, पाणी मोरीत.

ग्रेडिंगचं म्हणाल, तर एनजीसी ही अमेरिकेतली ग्रेडिंग कंपनी प्राचीन नाण्यांना १ ते ७० चा आकडा देतच नाही. ‘व्हेरी फाइन’सारखी शब्दांतली श्रेणी, ठशाला ५ पैकी गुण आणि पृष्ठभागाला ५ पैकी वेगळे गुण. व्हिनेगरनं खाल्लेल्या नाण्याचे पृष्ठभागाचे गुण तिथंच जातात.

शिशाच्या नाण्याला घरी करण्यासारखं फार थोडं आहे. हातमोजे घाला. भुकटी फुंकू नका, ब्रशनं झाडू नका. नाणं लाकडी पेटीतून, प्लायवूडच्या ड्रॉवरमधून, पुठ्ठ्याच्या डबीतून बाहेर काढा; लाकूड आणि प्लायवूडमधूनच ती आंबट वाफ निघत असते, आणि बंद ड्रॉवरमध्ये तिला जायला जागा नसते. घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा, पुडीचा रंग बदलला की ती वाळवून घ्या. भुकटीचं पुन्हा शिसं करण्याची पद्धत आहे, पण ती सौम्य विद्युतप्रवाहाची, प्रयोगशाळेतली.

आता चमक. टांकसाळीत ठसा पडतो तेव्हा धातू मध्याकडून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात. कोरं नाणं दिव्याखाली हलवलं की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात ते या रेषांमुळे. लस्टर म्हणतात ते हेच. चिंचेतलं टार्टारिक ॲसिड काळपट थराबरोबर या रेषांचे माथे खातं. टूथपेस्टमधली खडूची, सिलिकाची पूड त्यांच्यावर आडव्या ओरखड्यांचं जाळं विणते. नाणं उजळतं, पण ते घासलेल्या तांब्यासारखं. सगळीकडून सारखं चमकतं, प्रकाश फिरत नाही.

निजामाच्या हाली रुपयात (हाली हे हैदराबाद संस्थानच्या चलनाचं नाव) चांदी हजारात ८१८, उरलेलं बहुतेक तांबं. ॲसिडला आधी तांबं हवं असतं. ते वरवरून गेलं की चांदीचा फिका, चुन्यासारखा मुलामा उरतो. १९४० ते १९४५ च्या ब्रिटिश रुपयात तर चांदी निम्मीच, बाकी ४० टक्के तांबं आणि ५-५ टक्के निकेल, जस्त. त्याला चिंच लावा आणि कुठं गुलाबी, कुठं पिवळट चट्टे आले की मग मेसेज पाठवणाऱ्याला फोन करा.

ग्रेडरला कळत नाही म्हणे! झिजलेलं नाणं आणि कोरी चमक एकत्र नांदत नाहीत, हे ओळखायला ग्रेडरही लागत नाही. हातोहात फिरून चारमिनारचे मिनार सपाट झालेत आणि मैदान, म्हणजे चित्राभोवतीचा सपाट भाग, मात्र काल टांकसाळीतून आल्यासारखं पांढरं, हे कसं घडेल? अक्षरांच्या कोपऱ्यात काळा मळ आणि उंच भाग उघडे-नागडे, ही दुसरी खूण. एकाच दिशेच्या समांतर रेषा ही तिसरी. सराफाकडून तारेच्या ब्रशनं उजाळा दिला असेल तर अक्षरांच्या कडेला धातू ढकललेला दिसतो. ग्रेडर एका तेजस्वी दिव्याखाली नाणं तिरकं फिरवतो आणि काही सेकंदांत हे सगळं पाहतो. 

मग नंबराचं काय होतं? ते १ ते ७० आकडे ज्या मापनातले, त्याला शेल्डन मापन म्हणतात, आणि चुकीच्या पद्धतीनं साफ केलेल्या नाण्याला त्यातला एकही मिळत नाही. पीसीजीएस या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीनं या मापनात न बसणाऱ्या दोषांना क्रमांक दिलेत: ९१ म्हणजे संशयास्पद रंग, ९२ म्हणजे साफ केलेलं, ९७ म्हणजे वातावरणानं खराब झालेलं. कंपनी नाणं ज्या प्लास्टिकच्या डबीत बंद करून परत देते, तिच्यावर ‘जेन्युइन’ किंवा एनजीसीच्या भाषेत ‘डिटेल्स’ येतं, पुढं दोषाचं नाव. म्हणजे नाणं खरं आहे, पण सांभाळून घ्या. ही यादी कंपनीनं स्वतः उघड केली आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं ती उघडून बघितली असती तर आत्याची चिंच वाचली असती.

ॲसिटोन ॲसिड आहे, हे कुठून आलं? नावात ‘ॲसि’ आहे म्हणून? तो विद्रावक आहे. तेल, डिंक, चिकटपट्टीचा गोंद, प्लास्टिकचा हिरवा चिकट थर तो सोडवतो. चांदीला, तांब्याला शिवत नाही. टोनिंगही, म्हणजे काळानं धातूवर चढलेला रंगही, जसंच्या तसं राहतं. अट एवढीच की तो शुद्ध हवा, प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातला. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात पाणी, तेल आणि सुगंध असतो.

आधी नाणं काचेच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धा तास. बोअरचं पाणी नको. ज्या पाण्यानं हिटरच्या कॉइलवर पांढरी पापडी धरते ते नाण्यावरही डाग सोडतं. नाणं पूर्ण सुकू द्या. मग दुसऱ्या काचेच्या भांड्यात नाणं बुडेल इतका ॲसिटोन, १० ते १५ मिनिटं, मधून भांडं हलकं फिरवायचं. थर जुना असेल तर झाकून रात्रभर. नंतर ताज्या ॲसिटोनची दुसरी आंघोळ. हिच्यात आळस केला तर विरघळलेला मळ पातळ थर होऊन परत नाण्यावर बसतो. कडेनं धरून उचला, कागदावर उभं-तिरकं टेकवा, आपोआप वाळू द्या. पुसायचं नाही, कापूस नाही, बोट नाही. खिडकी उघडी आणि गॅस बंद: हा द्रव ५६ अंशांना उकळतो आणि त्याची वाफ पेट घेते.

हिरवं दिसलं म्हणजे प्रत्येक वेळी प्लास्टिकच असं नव्हे. बांबूच्या टूथपिकच्या टोकाला चिकटलं तर प्लास्टिकचा थर, ॲसिटोननं जाईल. फिकट हिरवी भुकटी सुटून खाली खड्डा दिसला तर तांब्यात क्लोराइड मुरलंय. ॲसिटोन निरुपयोगी आणि चिंच तर आगीत तेल. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या डबीत.

कंपन्या स्वतःच साफ करतात, हे मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य. एनजीसीची जोडकंपनी एनसीएस हेच काम करते, पीसीजीएसकडेही रिस्टोरेशनची सोय आहे. कोऱ्या चांदीच्या नाण्याला थायोयुरियाच्या (काळपटपणा उतरवणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात दोन-तीन सेकंदांची एकच बुडी देऊन लगेच धुतलं, तर ते आकड्यासह डबीत बसतंही; अशी कितीतरी नाणी बाजारात आहेत. जमिनीतून निघालेलं प्राचीन नाणं तर साफ केल्याशिवाय वाचताच येत नाही, त्याला कुणी दोष देत नाही. पण ते काय काढतात ते पाहा: नाण्यावर बाहेरून बसलेलं. आणि लस्टर मेलेलं, ओरखडे पडलेलं नाणं तेही परत आणू शकत नाहीत. चिंचेतून आलेला रुपया पाठवलात तर पैसे भरून तुम्हाला तेच ‘डिटेल्स’ मिळेल.

खोबरेल तेलाला एकच वाक्य पुरे: खवट झालं की त्यातली आम्लं तांब्याशी मिळून हिरवा साबण करतात आणि त्यावर धूळ बसते. मऊ, नव्या पडद्यासारखा वास येणारं पाकीट पीव्हीसीचं असतं, आणि पत्र्याखालच्या मे महिन्यात ते काय सोडतं ते वर आलंच आहे: तोच हिरवा चिकट थर. कडक ॲक्रिलिकची कॅप्सूल नाहीतर पॉलिएस्टरचं पाकीट घ्या.

राहिलं ‘थेट अमेरिकेला पाठवा’. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात १०० वर्षांहून जुनं नाणं हे पुरावशेष आहे, आणि ते देशाबाहेर पाठवण्याचा हक्क केंद्र सरकार किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेलाच. खाजगी माणसानं कुरिअर केलं तर तो गुन्हा. महबूब अली खान १९११ मध्ये गेले, त्यांच्या काळातलं एकूण एक नाणं यात येतं. उस्मान अली खानांची सुरुवातीची वर्षंही. आणि शेतात सापडलेला ठेवा १० रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, व्हिनेगरची वाटी शोधायच्या आधी.